जुनी बेसबॉल कार्डं: काय विकावं, काय ठेवावं?

हडसनकाठी

नमस्कार मंडळी,

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं कायमचे पुण्याला परततोय. घराचं ठरलं, गाडीचं ठरलं, घोडं अडलंय ते बेसबॉल कार्डांपाशी. मी जर्सीत आलो तेव्हा यांकीजचे सोन्याचे दिवस होते, १९९६ ते २००० या पाच मोसमांत चार वर्ल्ड सिरीज. क्रिकेटच्या आकडेवारीवर पोसलेल्या माणसाला या खेळाची चटक लागायला वेळ लागत नाही. सामन्यांवरून इतिहासात शिरलो आणि इतिहासावरून जुन्या कार्डांत. 'बिग फन'च्या च्युइंगगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्या पिढीला हा नाद समजावून सांगायला नको.

पसारा साधारण असा. टी२०६ ची (१९०९ ते ११, सिगारेटच्या पाकिटातून यायची ती) पंचवीसेक कार्डं, बहुतेक अनोळखी खेळाडू, पण एक टाय कॉब आहे, पीएसए २ (ही ग्रेडिंग कंपनी कार्डाच्या अवस्थेला १ ते १० गुण देते, पुढचे आकडे तेच). १९५४ चं टॉप्स कंपनीचं हँक एरनचं पहिलं कार्ड, ४. १९५५ चे रॉबर्टो क्लेमेंटे आणि सँडी कोफॅक्स, दोन्ही ५. १९५६ टॉप्सचा जवळपास पूर्ण संच, मिकी मँटल धरून, ग्रेडिंग न केलेला. १९६३ चं पीट रोझ, ५. १९६८ च्या नोलन रायनच्या दोन प्रती, एक ७, एक ६. शिवाय पन्नास-साठच्या दशकातले एडी मॅथ्यूज, ड्यूक स्नायडर, किलब्रू, व्हाइटी फोर्ड अशी बरीच सुटी कार्डं. १९७५ चा जॉर्ज ब्रेट आणि १९८० चा रिकी हेंडरसन, दोन्ही ८. १९८९ अपर डेकचा केन ग्रिफी ज्युनियर, ९. आणि तळघरात १९८७ ते १९९१ ची न फोडलेली खोकी.

'सगळं फुकून टाका' हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो पुन्हा नको. साधारण अर्धी रक्कम मोकळी करायची आणि बाकीचं दहा-पंधरा वर्षं गुंतवणूक म्हणून ठेवायचं असा विचार आहे. कच्चा बेत: नावाजलेली कार्डं ठेवायची, किरकोळ विकायची. जाणकारांनी ठोकून काढावा.

सदू_बंडल

रुमाल टाकून ठेवतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये मँटलच्या एका पुठ्ठ्याला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले ही बातमी वाचल्यापासून मी या विषयाकडे भक्तिभावाने बघतो. तेवढ्यात आमच्या डोंबिवलीत काय काय आलं असतं ते मोजत बसलो होतो, बायकोने जेवायला हाक मारली.

तिरफळ

बेत निम्मा बरोबर आहे. नावाजलेल्यांत दोन प्रकार असतात आणि ते तुम्ही एकाच डब्यात ठेवलेत.

काही खेळाडूंना कोणी पाहिलेलं असण्याची गरज उरलेली नाही. बेब रूथला मैदानात बघितलेला माणूस आता शोधून सापडणार नाही, तरी १९३३ गाउडीचं त्याचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड २०२१ मध्ये ४० लाख डॉलरच्या वर गेलं. कॉब, वॅग्नर, जॅकी रॉबिन्सन, मँटल, विली मेज, एरन, क्लेमेंटे हे त्याच पंगतीत बसतात. त्यांची गोष्ट शाळेत सांगितली जाते. रॉबिन्सनचा ४२ नंबर १९९७ पासून सगळ्याच संघांनी बाजूला ठेवला. क्लेमेंटे ३००० फटके पुरे करून त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. पोर्तो रिकोत त्याला देवाखालोखाल मानतात, आणि त्याचे गिऱ्हाईक फक्त पिट्सबर्गचे म्हातारे नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे स्नायडर, मॅथ्यूज, किलब्रू, फोर्ड. सगळे हॉल ऑफ फेममधले (बेसबॉलचं मानाचं दालन), सगळे थोर. पण त्यांची कार्डं घेणारे बहुतेक जण लहानपणी त्यांना बघून वेडे झालेले आहेत, आणि ते लोक आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. दर वर्षी त्यांचेच संग्रह मुलं-नातवंडं बाजारात आणतात. म्हणजे माल वाढतोय आणि घेणारा घटतोय. आपल्याकडे विजय हजारेंचं नाव निदान ट्रॉफीमुळे पोरांच्या कानावर पडतं. दत्तू फडकर आज किती जणांना आठवतात? कसोटीत शतकं मारणारा आणि नवा चेंडू टाकणारा कोल्हापूरचा माणूस!

म्हणून पहिली विक्री इथून करा. संच पुरे करायला धडपडणारे हौशी अजून आहेत तोवर.

सत्तरनंतरचा माल पुढच्या प्रतिसादात. ऑफिसला निघालो.

मोगरी

तिरफळ यांच्याशी सहमत, पण मी विकणाऱ्याच्या बाजूने सांगते. आमच्या ह्यांचा संग्रह मी विकलाय, ह्यांनी फक्त उसासे टाकले.

ईबेवर सगळं धरून तेरा टक्क्यांच्या आसपास कापलं जातं, वर पाकीट, विमा, टपाल. वीस डॉलरचं कार्ड विकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दोन हजाराच्या कार्डाला. फोटो पुढून-मागून, वर्णन, 'कोपरा जवळून दाखवाल का' वाल्यांना उत्तरं, मग पोस्टाची रांग. तुमच्याकडे एक उन्हाळा आहे आणि त्यात घर आवरायचंय. किरकोळ कार्डं एकेक विकायचा विचार मनातून काढा. मॅथ्यूज-स्नायडर मंडळींतली चांगली तेवढी सुटी विका, बाकीची वर्षानुसार गठ्ठे करून.

कार्डांच्या शोमध्ये टेबलवाल्या व्यापाऱ्याला एकगठ्ठा दिलीत तर बाजारभावाच्या साठ ते ऐंशी टक्के हातात येतील. ऐकायला कमी वाटतं, पण ईबेचा कट आणि आपले तास धरले तर स्वस्त कार्डांसाठी तोच सौदा बरा पडतो. महागड्यासाठी मुळीच नाही.

भाव बघताना लोक मागतात ती किंमत बघू नका, विकलं गेलं ती बघा. ईबेवर विकलेल्यांची चाळणी लावली की साधारण गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार दिसतात. निदान पाच-सहा व्यवहार बघा. एखाद्या रात्री दोन हट्टी माणसं भिडली की एकच आकडा गगनाला जातो.

अर्धा_सीए

(पूर्ण सीपीए नाही, म्हणून नाव असं. अंतिम सल्ला पैसे देऊन घ्या.)

करावर कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. अमेरिकन आयकर खातं ही कार्डं 'कलेक्टिबल' धरतं. शेअर वर्षभर ठेवून विकले तर १५ किंवा २० टक्के, इथे कमाल दर २८ टक्के. तुमचा नेहमीचा टप्पा त्याच्या खाली असेल तर तोच लागतो, म्हणजे सगळ्यांनाच २८ नाही. उत्पन्न जास्त असेल तर वर ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक कर. ज्या कॅलेंडर वर्षात पगार थांबतो त्या वर्षी टप्पा खाली येतो, त्यामुळे मोठी विक्री डिसेंबरात की जानेवारीत हा प्रश्न फालतू नाही.

मूळ किमतीत ग्रेडिंगचा खर्च मिळवता येतो आणि विक्रीचं कमिशन नफ्यातून वजा होतं. जुन्या पावत्या, ईमेल, चेकबुकाची पानं, जे असेल ते आत्ता गोळा करा. १०९९-के फॉर्मची (ईबेसारख्या साइट तुमची विक्री आयकर खात्याला कळवतात तो) केंद्राची मर्यादा आता पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी झाली आहे, न्यू जर्सीची त्याहून बरीच खाली आहे. पण फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, असं नाही.

आता मुद्द्याचं. मुलांना जिवंतपणी भेट दिलीत तर तुमची जुनी खरेदी किंमतच त्यांना चिकटते. वारसाहक्काने गेलं तर मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव ही त्यांची मूळ किंमत होते, आधीचा सगळा नफा करातून सुटतो. त्यामुळे फार पूर्वी स्वस्तात घेतलेलं आणि कितीतरी पट झालेलं कार्ड विकायच्या यादीत शेवटी. अलीकडे चढ्या भावात घेतलेलं सर्वात आधी. कॉब कधी घेतलात?

भारतात परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुधा आरएनओआर (रहिवासी, पण 'सामान्य रहिवासी' नाही) दर्जा मिळेल, तेव्हा परदेशातल्या उत्पन्नावर तिथे साधारणपणे कर नाही. ती मुदत संपली की दोन्हीकडे हिशेब आणि मग दोन देशांतल्या कर-करारानुसार वजावट. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर इथलं विवरणपत्र काही सुटत नाही.

हडसनकाठी

सगळ्यांचे आभार. नागरिक आहे. कॉब आणि एरन दोन्ही नव्वदच्या अखेरीस घेतलेले, आजच्या मानाने पाण्याच्या भावात. ग्रिफी आणि हेंडरसन मात्र २०२१ मध्ये घेतले.

गुरुवार_पेठ

मला उलट वाटतं, थोडी हाणामारी होऊ दे.

अर्धी रक्कम मोकळी करायची आहे ना? कॉब आणि एरन विका. दोन व्यवहार, दोन पाकिटं, काम फत्ते. लिलावगृह घरी येऊन घेऊन जाईल. त्या दोघांतच संग्रहाची निम्मी किंमत असणार, आणि पुण्याला जाताना सर्वात मोठी जोखीमही त्यांचीच. तुम्ही म्हणताय तसं शंभर किरकोळ कार्डं विकून तेवढे पैसे जमवायला पुढचा उन्हाळाही पुरणार नाही. शिवाय भविष्यात काय चालेल हे तिरफळना तरी काय ठाऊक? २०२१ च्या सुरुवातीला १९८६ फ्लीरच्या मायकल जॉर्डनचं पीएसए १० हे सात लाख अडतीस हजाराला गेलं, आणि वर्ष उलटायच्या आत तेच कार्ड त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास मिळत होतं. जॉर्डनपेक्षा मोठं नाव कोणतं सांगाल?

सदू_बंडल

मी मुळात निर्देशांक फंडवाला, त्यामुळे गुरुवारांना +१. पुठ्ठा लाभांश देत नाही.

तिरफळ

गुरुवार, व्यवहार कमी व्हावेत हा मुद्दा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण जॉर्डनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. १९८६ चं ते कार्ड दुर्मीळ कधीच नव्हतं, पीएसए १० मध्येच तीनशेहून जास्त प्रती आहेत. २०२० मध्ये घरी अडकलेल्या लोकांनी लहानपणचे खोके उघडले, ग्रेडिंगला इतका माल पाठवला की २०२१ च्या वसंतात पीएसएने स्वस्त सेवा चक्क बंद केल्या. मागणी आणि पुरवठा एकदम फुगले, मग मागणी ओसरली. लेबलवर १० चा आकडा असलेला आधुनिक माल सर्वात जोरात आपटला. १९०९ च्या कॉबचं असं होत नाही, कारण नवीन कॉब कुठून येणार? अधूनमधून एखाद्या माळ्यावर सापडतो तेवढाच.

आता राहिलेला भाग.

१९७५ ते १९८०: या काळापासून मोठी माणसं दुकानातून थेट घेऊन प्लास्टिकमध्ये जपायला लागली. ब्रेट आणि हेंडरसनच्या ८ च्या प्रती हजारोंनी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये रिकी गेला तेव्हा काही आठवडे भाव वर होते, मग उतरले. खेळाडू गेल्यावर येणारी ती लाट नेहमीच छोटी असते. दोन्ही विका.

ग्रिफी: सुंदर कार्ड, अपर डेकच्या पहिल्या संचातलं पहिलं. पण पीएसए १० च्याच चार हजारांहून जास्त प्रती आहेत आणि ९ त्याच्या कितीतरी पट. चढ्या भावात घेतलंय, तोटा असेल तर अर्धा_सीए सांगतील तसा तो बाकीच्या नफ्यातून वळता होईल. विका आणि विसरा.

१९८७ ते ९१ ची खोकी: यावर वेळ घालवू नका. त्या काळात कारखाने दिवसरात्र छापत होते आणि प्रत्येक घरात 'पोराच्या कॉलेजची सोय' म्हणून पेट्या ठेवलेल्या होत्या. सगळ्यांनी जपलं, म्हणून कशालाच किंमत नाही.

टी२०६: थांबा! विकण्याआधी कार्डं उलटी करून बघा. पुढे खेळाडू, मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात. एकच चित्र वेगवेगळ्या ब्रँडच्या पाठीसह छापलेलं आहे. पिडमाँट आणि स्वीट कॅपोरल सर्वात जास्त. पण ड्रम, उझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ, कॅरोलायना ब्राइट्स अशी पाठ निघाली तर अनोळखी खेळाडूचं कार्डसुद्धा साध्या पाठीच्या मोठ्या नावाला मागे टाकू शकतं. तुमच्या यादीतला हा एकच कोपरा आहे जिथे तुम्हाला स्वतःकडे काय आहे ते अजून माहीत नाही.

मोगरी

खोक्यांबद्दल: मराठी शाळेच्या बक्षिसांना द्या. मुलं एकेक पाकीट फोडताना आनंदाने वेडी होतात. १९८७ टॉप्समध्ये बॅरी बाँड्स असतो, ३२० नंबर, एखाद्या पोराला सापडला तर आयुष्यभराचा नाद लागेल. आतलं च्युइंगगम मात्र कोणाला तोंडात टाकू देऊ नका.

लसणीची_चटणी

धागा पळवतेय, माफ करा. आम्ही कनेटिकटमध्ये जुनं घर घेतलं, तळघरात आधीच्या मालकांच्या अल्बममध्ये १९५२ चा मिकी मँटल आहे! निळी पार्श्वभूमी, पिवळी बॅट, ३११ नंबर. अगदी नवंकोरं दिसतंय. माझे हात थरथरतायत. काय करू?

तिरफळ

आधी पट्टी घ्या. १९५२ चं अस्सल कार्ड साधारण ६.७ गुणिले ९.५ सेंटीमीटरचं, आजच्या कार्डापेक्षा मोठं असतं. टॉप्सने १९८३ मध्ये हा जवळजवळ अख्खा संच पुन्हा छापला, तो आजच्या मापात, म्हणजे ६.४ गुणिले ८.९. आणि त्याच्या पाठीवर पुनर्मुद्रण असल्याचं छापलेलं आहे. 'अगदी नवंकोरं' हे वाचून मला धडधड होण्याऐवजी शंका येते.

लसणीची_चटणी

६.४. पाठीवर तसं लिहिलेलंही आहे, बारीक अक्षरात. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं, ते बरं झालं.

सदू_बंडल

ताई, तो संच चांगल्या अवस्थेत असेल तर त्यालाही हौशी घेणारे आहेत म्हणे. निदान पिझ्झा सुटेल.

या मँटलला इतका भाव का, हे कोणी सांगेल का? त्याचं पहिलं कार्ड तर १९५१ च्या बोमनचं आहे ना?

तिरफळ

बरोबर, पहिलं बोमनचंच, २५३ नंबर. पण १९५२ हा टॉप्सचा पहिला भरभक्कम संच. शेवटची मालिका मोसम संपता संपता आली, तोवर पोरं फुटबॉलकडे वळलेली, दुकानदारांनी घेतलीच नाही. उरलेला माल वर्षानुवर्षं गोदामात पडला आणि १९६० च्या सुमारास टॉप्सच्या साय बर्गर यांनी तो तराफ्यावर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सोडून दिला. स्वतः बर्गरनीच नंतर हे सांगितलं. गंमत म्हणजे त्या मालिकेत मँटल दुप्पट छापलेला होता, म्हणजे त्यातल्या बहुतेक नंबरांपेक्षा तो जास्तच आहे. तरीही भाव त्यालाच.

हडसनकाठी

सकाळपासून भिंग घेऊन बसलोय, आज ऑफिसला दांडी.

टी२०६ मध्ये बहुतेक पिडमाँट, चार-पाच स्वीट कॅपोरल, एक ओल्ड मिल. एकाची पाठ तपकिरी शाईत आणि ब्रँडचं नाव चक्क 'हिंदू'! वर्षानुवर्षं अल्बममध्ये होतं, पाठ कधी नीट वाचलीच गेली नाही. आणि एक 'अमेरिकन ब्यूटी' आहे, ते बाकीच्यांपेक्षा अरुंद आहे. कडा कापलेल्या असतील का? मग ते फुकट गेलं म्हणायचं.

तिरफळ

अभिनंदन! हिंदू नावाची सिगारेट खरोखर होती, अमेरिकन टोबॅको कंपनीचीच. तपकिरी हिंदू पिडमाँटच्या मानाने बराच दुर्मीळ, लाल शाईतला त्याहून दुर्मीळ. ते कार्ड बाजूला काढा आणि ग्रेडिंगला पाठवा. युद्धपूर्व कार्डांसाठी बरेच संग्राहक एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीची काळी चौकट पसंत करतात, शिवाय आता एसजीसी आणि पीएसए दोन्हींची मालक कंपनी एकच आहे.

अमेरिकन ब्यूटी मुळातच अरुंद कापलेली असतात, घाबरू नका. वरखाली उंची बरोबर आहे का आणि कडांचा पोत बाकीच्या कार्डांसारखाच जुनाट आहे का ते बघा. ताजी, धारदार, पांढरी कड दिसली तर मात्र शंका घ्या.

कापलेल्या कडांचं भूत या छंदात फार वरपर्यंत पोचलेलं आहे. पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड म्हणजे हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारीत १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतलेलं होनस वॅग्नर. ग्रेड ८. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या असं लिलावगृहवाल्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं. तरी त्या कार्डाची कीर्ती कमी झाली नाही, पण तुमच्या-आमच्या कार्डाला ती सवलत नाही.

सदू_बंडल

'हिंदू' सिगारेटचा फोटो इथेच राहू दे, फेसबुकवर टाकू नका.

गुरुवार_पेठ

मानलं, पाठीचं प्रकरण भारी आहे. १९५६ च्या संचाचं काय? पूर्ण विकायचा की फोडायचा?

मोगरी

फोडायचा. पूर्ण संच घेणारा माणूस मोठी सूट मागतो आणि बहुधा स्वतःच फोडून विकतो. ३४० कार्डांत पैसा दहा-बारात आहे: मँटल, मेज, एरन, क्लेमेंटे, कोफॅक्स, टेड विल्यम्स, जॅकी रॉबिन्सन. ती ग्रेड करून घ्या. बाकीच्यांना वीस-तीस डॉलर ग्रेडिंग शुल्क लावणं म्हणजे पैसे पाण्यात, ती संघवार गठ्ठे करून.

अवांतर: एरनच्या त्या १९५६ च्या कार्डावर मोठा चेहरा एरनचा आहे, पण बाजूच्या छोट्या चित्रात घसरत होम प्लेटला येणारा खेळाडू मुळात विली मेज आहे, चित्रकाराने त्याच्यावर गणवेश चढवला. ह्यांनी मला हे आमच्या साखरपुड्यात सांगितलं होतं.

तिरफळ

मोगरीताईंशी सहमत, एक पुस्ती. मँटलने १९५६ मध्येच ट्रिपल क्राउन (फलंदाजीच्या तिन्ही मुख्य आकड्यांत पहिला) मिळवला, म्हणून त्या वर्षाच्या मँटलला कायम गिऱ्हाईक असतं. संचातलं मी फक्त तेवढं ठेवीन. रॉबिन्सनचंही ठेवलं तर वाईट नाही, टॉप्सच्या नेहमीच्या संचातलं त्याचं ते शेवटचं.

हडसनकाठी

आणि रोझ? इथले मित्र दोन गटांत आहेत.

गुरुवार_पेठ

ठेवा! मे २०२५ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी त्याच्यावरची बंदी उठवली. आता हॉल ऑफ फेमची वाट मोकळी. डिसेंबर २०२७ मध्ये समितीपुढे नाव येऊ शकतं.

तिरफळ

त्याच कारणासाठी विका, फक्त घाई नको. सामन्यांवर पैजा लावल्याचं प्रकरण १९८९ पासून चालू आहे, आणि बंदी उठल्याची बातमी आली त्याच आठवड्यात भावात जी उडी यायची ती आली. मतदान जवळ येईल तशी कुजबूज वाढेल, भाव आणखी हलेल, तेव्हा बाहेर पडा. निकाल लागेपर्यंत थांबणं म्हणजे जुगार, आणि रोझच्या बाबतीत तर तो शब्द वापरायलाच नको. शिवाय कार्ड म्हणून ते दिसायला गरीब आहे, चार नवख्यांचे चार गोल चेहरे, त्यातला एक रोझ. नकली प्रतीही फार निघाल्या. तुमचं ग्रेड होऊन स्लॅबमध्ये (प्लास्टिकच्या बंद डबीत) आहे ही जमेची बाजू.

एवढं एकच कार्ड दोन वर्षं इथे ठेवावं लागलं तर ठेवा. कॉब, एरन, क्लेमेंटेसुद्धा पुण्याला नेऊ नका. तिथला पावसाळा पुठ्ठ्याला मानवत नाही, स्लॅब काही हवाबंद नसतो, आणि विकायची वेळ आली की परत इकडेच पाठवायचं. पीएसएचं व्हॉल्ट (कार्डं सांभाळून ठेवायची तिजोरी) डेलावेअरमध्ये आहे, किंवा मुलाच्या बँकेचा लॉकर. घराच्या विम्यात अशा वस्तूंना मर्यादा असते, वेगळी पॉलिसी घ्या.

अर्धा_सीए

व्हॉल्ट असो की लॉकर, मुलांना यादी आणि खरेदीच्या तारखा लेखी देऊन ठेवा. मृत्युपत्रात 'बेसबॉल कार्डं' एवढंच लिहिलेलं मी पाहिलंय, भावंडांत नंतर काय झालं ते विचारू नका.

हडसनकाठी

ठरलं मंडळी. स्नायडर, मॅथ्यूज वगैरे सगळे जातील, वसंतात मोसम सुरू होतो तेव्हा. ब्रेट, हेंडरसन, ग्रिफी या वर्षाअखेर. १९५६ फोडणार, मँटल आणि रॉबिन्सन ठेवणार. साधे टी२०६ एकगठ्ठा, हिंदू एसजीसीला. कॉब, एरन, क्लेमेंटे राहतील. कोफॅक्सवर घरात मतभेद आहेत, म्हणजे बायकोला ते चित्र आवडतं, पिवळ्या रंगामुळे. म्हणजे राहील. खोकी मराठी शाळेला.

गुरुवार, बेरीज करून बघितली. अर्ध्याला थोडं कमी पडतंय, पण कॉबला हात लावावा लागणार नाही.

एकच अडचण उरली: दोन रायनपैकी कुठला विकू? ७ की ६? स्कॅन टाकलेत.

तिरफळ

बघितले. ७ च्या डाव्या कडेची पट्टी जवळजवळ नाहीशी आहे, चित्र एका बाजूला सरकलंय. ६ चा एक कोपरा किंचित मऊ आहे, पण चित्र अगदी मधोमध आणि रंग ताजे. ७ विका, लेबलवरच्या आकड्याचे पैसे मिळतील. ६ ठेवा.

फोटो काढताना स्लॅब आधी पुसून घ्या, त्यावर बोटांचे ठसे दिसतायत.

मोगरी

आणि ७ रविवारी रात्री संपेल असं लावा, पूर्व किनाऱ्याच्या नऊ-साडेनऊला. पश्चिमेकडचे तेव्हा जेवायला बसलेले नसतात.

हडसनकाठी

पुसले. रविवारचं लावतो.